न्यायाधीशांच्या परसातील लोगनबेरी

संशोधनाच्या निमित्ताने आम्ही काही काळ इंग्लंडमध्ये होतो. राहत्या घराच्या परसात रास्पबेरीची जाळी होती. पहिल्याच हिवाळ्यात आम्ही मोठ्या उत्साहाने ती सगळी जमिनीलगत कापून काढली. उन्हाळ्यात नवे फोक माणसाएवढे वाढले, फळ मात्र एकही आले नाही. शेजारच्या आजी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "वाळलेले तेवढे कापायचे असतात, हिरवे नाही!" वनस्पतींच्या पेशींवर काम करणाऱ्याला हे दुसऱ्याने सांगावे लागले.

रास्पबेरीचे मूळ वर्षानुवर्षे जगते, पण प्रत्येक फोकाचे आयुष्य दोनच वर्षांचे. पहिल्या वर्षी तो नुसता वाढतो. दुसऱ्या वर्षी फुलतो, फळतो आणि मरतो. म्हणून फळे उतरल्यावर फळलेला फोक तळाशी कापायचा आणि नव्यांपैकी जोमदार तेवढे राखून तारेला बांधायचे. (पहिल्याच वर्षी शरदात शेंड्याकडे फळणाऱ्या जातीही आहेत. त्या सरसकट कापल्या तरी चालते. आमची त्यातली नव्हती.) नाशिककडच्या शिक्षकांना द्राक्षाची एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली फळछाटणी आठवेल. वेल वेगळी, हवामान वेगळे, पण प्रश्न तोच: फळ किती वयाच्या काडीवर येते?

रास्पबेरीच्या कुळातील एका फळाचा इतिहास असाच एका घरगुती बागेत सुरू झाला. जेम्स हार्वे लोगन हे सांताक्रूझ येथे न्यायाधीश होते. हे सांताक्रूझ मुंबईतले नव्हे, कॅलिफोर्नियातले. त्यांना बागेचा नाद होता. दोन प्रकारच्या ब्लॅकबेरींचा संकर करावा म्हणून त्यांनी 'ऑगिनबॉ' ही तिथल्या रानजातीतून निवडलेली ब्लॅकबेरी आणि 'टेक्सास अर्ली' शेजारीशेजारी लावल्या. जवळच 'रेड अँटवर्प' नावाची जुनी रास्पबेरी होती. परागीभवन त्यांनी मधमाश्यांवर सोपवले. १८८१ मध्ये ऑगिनबॉचे बी पेरले, शंभराच्या आसपास रोपे आली आणि १८८३ मध्ये त्यांना फळे धरली. मधले वर्ष कुठे गेले, हे आता वाचकांना सांगायला नको.

त्यांतले एक रोप बाकीच्यांहून निराळे होते. फळ ब्लॅकबेरीसारखे लांबट, पण पिकल्यावर काळे न होता गडद लाल. लोगन यांचा तर्क असा की मधमाश्यांनी रास्पबेरीचे पराग आणले असावेत. या झाडाचे नाव पुढे लोगनबेरी पडले. वाकलेल्या फोकाचा शेंडा मातीत दाबला की त्याला मुळ्या फुटतात. अशा रीतीने त्या एकाच रोपापासून बागाच्या बागा उभ्या राहिल्या.

पण तज्ज्ञांना लोगन यांचा तर्क पटेना. १९०० नंतर मेंडेलचे नियम सर्वांना माहीत झाले आणि शंका उलट वाढली. संकरित झाडाचे बी पेरले तर पुढच्या पिढीत आजोबा-आजींची लक्षणे वेगवेगळी होऊन दिसायला हवीत. लोगनबेरीची रोपे तर बहुतांशी लोगनबेरीसारखीच निघत! तेव्हा हा संकर नसून रानटी ब्लॅकबेरीचाच लाल फळाचा प्रकार आहे, असे काहींचे मत पडले. आक्षेप चुकीचा ठरला, पण तो मूर्खपणाचा नव्हता. त्या वेळच्या ज्ञानावरून आम्हीही तेच म्हटले असते.

उत्तर गुणसूत्रांच्या मोजणीत मिळाले. रास्पबेरीच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात, ऑगिनबॉमध्ये ५६, लोगनबेरीत ४२. नेहमीच्या हिशोबाने ७ आणि २८ मिळून ३५ व्हायला हवीत, आणि असे विषम संख्येचे झाड बहुधा वांझ निघते. पण क्वचित एखाद्या परागकणात संख्या निम्मी होतच नाही. तसा १४ गुणसूत्रांचा पराग २८ च्या बीजांडाला मिळाला की बेरीज ४२! आता रास्पबेरीची १४ आपापसांत जोड्या जमवतात, ब्लॅकबेरीची २८ आपापसांत. त्यामुळे प्रत्येक अपत्याला दोन्हींचा वाटा मिळतो आणि लक्षणे फारशी फुटून निघत नाहीत. इंग्लंडमधील जॉन इनस संस्थेत क्रेन यांनी गुणसूत्रे दुप्पट असलेली रास्पबेरी घेऊन हा संकर मुद्दाम घडवला आणि लोगनबेरीसारखीच झाडे मिळवली. ते काम १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. लोगन १९२८ मध्येच वारले होते.

लोगनबेरीला काटे फार. १९३० च्या आसपास कॅलिफोर्नियात तिचा एक बिनकाट्यांचा प्रकार सापडला. त्यात बदल झाला होता तो फक्त सर्वांत बाहेरच्या पेशीथरात, आणि काटे येतात ते त्याच थरातून. शेंडा दाबून केलेली रोपे बिनकाट्यांची निघतात, पण मूळ खुरप्याने दुखावले आणि तिथून धुमारा फुटला तर तो आतल्या पेशींतून येतो, म्हणून काटेरीच! एकाच झाडावर दोन्ही प्रकारचे फोक पाहून माळी चक्रावून जात. ऊतिसंवर्धनाने बाहेरच्या थरातील पेशींपासूनच पूर्ण झाड वाढवून मुळापर्यंत बिनकाट्यांची लोगनबेरी न्यूझीलंडमध्ये १९८० च्या दशकात तयार झाली. तोवर उपाय एकच होता: काटेरी धुमारा दिसला की हातमोजे घालून तो मुळापासून उपटायचा.