मातीतला पुरावा आणि आपलं फावडं

दोस्तहो, आपला इतिहास पोथीत नाय, मातीत हाय, असं आपण सभेत बोलतो. बरोबर बोलतो. पण मातीला हात कसा लावायचा, ते कोण शिकवणार?

१७९४ साली सारनाथला बनारसच्या बाबू जगतसिंगाच्या माणसांनी विटांसाठी एक अख्खा स्तूप फोडला. आत दगडी पेटी, तिच्यात हिरव्या संगमरवराचा करंडक, करंडकात अस्थी. अस्थी गंगेत सोडल्या. विटा बांधकामाला गेल्या. जोनाथन डंकन या इंग्रज अधिकाऱ्याने चार ओळी लिहून ठेवल्या म्हणून एवढं तरी कळलं.

आता नालासोपारा बघा. तिथल्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणायचे. बुरूड म्हणजे सुपं-टोपल्या विणणारी माणसं. लोक स्तूप विसरले, पण टेकाडाला नाव राहिलं ते हातानं काम करणाऱ्याचं. मला ते ताम्रपटापेक्षा कमी वाटत नाय. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी हे टेकाड मधोमध खणलं. आत विटांची कोठी, कोठीत गोल दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती आठ ब्राँझ मूर्ती : सात मागचे बुद्ध, आठवा मैत्रेय. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, मग सोन्याचा करंडक. आणि सोन्याच्या पोटात? मातीच्या भांड्याचे १३ तुकडे. भिक्षापात्राचे, असं पंडितांनी मानलं. चोरानं सोनं उचललं असतं आणि खापर फेकलं असतं.

ह्याच ठेव्यात यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं. म्हणजे दुसरं शतक. मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या. म्हणजे मागाहून कुणीतरी स्तूप उघडला, मूर्ती ठेवल्या, परत बंद केला. सहा-सातशे वर्षांनंतरही सोपाऱ्यात बुद्धाला मानणारी माणसं होती! ते कळलं ते नाणं आणि मूर्ती एकाच जागी सापडल्याचं टिपून ठेवलं म्हणून. मूर्ती सुट्या बाजारात गेल्या असत्या तर नुसत्या मूर्ती उरल्या असत्या.

आमच्या गिरणीत ताग्यावरची चिठ्ठी पडली, की तो कुठल्या साच्यावर विणला ते सांगता येत नाय. वस्तूची चिठ्ठी म्हणजे तिची जागा. किती खोल, कुठल्या रंगाच्या थरात, शेजारी काय. एकदा उपसली की परत लावता येत नाय.

म्हणून विहीर, पाया, रस्ता खणताना काय निघालं तर काम थांबवा. खणणारे बहुतेक आपलेच असतात, त्यांना आधी सांगा. उपसलेली माती खड्ड्याच्या काठावर रचू नका, भिंत ढासळून माणूस गाडला जातो. वस्तू ओढू नका. जागेवरच फोटो घ्या, बाजूला मोजपट्टी ठेवा. ब्राँझ-तांबं चिंचेनं, राखेनं घासायचं नाय. हिरवी भुकटी सुटत असेल तर कोरडं ठेवा, ओल लागली की ते धातू खातं. खापर धुऊ नका, आत शिजल्याचे डाग असतात. कोळशाला उघडा हात लावू नका, त्याच्यावरून काळ काढतात. लेण्यातल्या मूर्तीला तेल, रंग, चुना फासणं तर बंदच करा, भक्तीनं असलं तरी.

१८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांवरचा पुरलेला ठेवा कलेक्टरला लेखी कळवावा लागतो. सरकारी कपाटावर तुमचा भरवसा नाय, माझाही नाय. तरी अर्ज दोन प्रतींत करा, फोटो जोडा, चार साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय कचेरीतून उठू नका.