जव्हार संस्थान, भारतीय हवाई दल आणि सामूहिक संरक्षणातील संमतीचा प्रश्न (१९३९-१९६४)

प्रस्तावना :
ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये सुलूर व जोधपूर येथे ‘तरंग शक्ती’ हा हवाई सराव पार पडला. भारताने यजमान म्हणून भरविलेला हा पहिलाच बहुराष्ट्रीय हवाई सराव, असे त्याचे वर्णन सर्वत्र झाले. इतिहासाच्या अभ्यासकाला हे वर्णन सावधपणे स्वीकारावे लागते. नोव्हेंबर १९६३ मध्ये ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांची लष्करी विमाने भारतीय भूमीवर उतरली होती आणि भारतीय हवाई दलासह त्यांनी संयुक्त सराव केला होता. त्याच्याही वीस वर्षे आधी, दुसऱ्या महायुद्धात, भारतीय वैमानिक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश व अमेरिकन वैमानिकांच्या बरोबरीने लढत होते. या दोन प्रसंगांतील महत्त्वाचा फरक विमानांच्या वेगाचा किंवा संख्येचा नसून निर्णय कोणाचा होता, हा आहे. ठाणे जिल्ह्याच्या (२०१४ पासून पालघर जिल्ह्याच्या) डोंगरपट्ट्यातील जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात हा फरक प्रस्तुत लेखात तपासला आहे.

जव्हार, मोखाडा आणि १९३९ ची युद्धघोषणा :
जव्हार हे महादेव कोळी मुकणे घराण्याचे, नऊ तोफांच्या सलामीचा मान असलेले, सुमारे ३१० चौरस मैलांचे संस्थान होते. लगतचा मोखाडा मात्र संस्थानी मुलूख नव्हता. शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून तो थेट इंग्रजी अमलाखाली होता. एकाच डोंगररांगेत वारली, कोळी, ठाकूर, कातकरी यांचे पाडे एकमेकांना लागून असले, तरी त्यांच्यावरील सत्तेचा कायदेशीर पाया वेगवेगळा होता. जव्हारच्या प्रजेचा राजा तहाने व सार्वभौम सत्तेच्या तत्त्वाने ब्रिटिश राजमुकुटाशी बांधलेला होता. मोखाड्याचे रहिवासी मुंबई प्रांताचे प्रजाजन होते.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारत युद्धात सामील असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा भेद निरर्थक ठरला. मध्यवर्ती विधिमंडळाला विचारले गेले नाही, प्रांतिक मंत्रिमंडळांनाही नाही. याच्या निषेधार्थ काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. मुंबईत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबरमध्ये राजीनामा दिला. संस्थानांपुढे तर प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण संरक्षण व परराष्ट्र व्यवहार हे विषय त्यांच्या हाती नव्हतेच. मोखाड्याला निवडून दिलेले सरकार होते, पण त्याला विचारले गेले नाही. जव्हारला राजा होता, पण त्याला विचारण्याची आवश्यकताच नव्हती.

याच्या शेजारी दुसरी एक घटना ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. १७ डिसेंबर १९३९ रोजी ओटावा येथे राष्ट्रकुलाच्या हवाई प्रशिक्षण योजनेचा करार झाला. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चार सरकारांनी त्यावर सह्या केल्या. खर्चाचा वाटा किती, उमेदवार किती, प्रशिक्षित वैमानिकांची ओळख कोणत्या देशाच्या नावाने राहील, या सर्व बाबींवर घासाघीस झाली. स्वसंमतीने सामूहिक संरक्षणात उतरणारे देश असेच वागतात. भारत या करारात नव्हता. भारताकडून वैमानिक मात्र गेले. १९४० च्या उत्तरार्धात भारतीय वैमानिकांची चोवीस जणांची तुकडी ब्रिटनला रवाना झाली.

संस्थानिकांचा प्रतिसाद :
संस्थानिकांनी या युद्धाला जो हातभार लावला, तो प्रामुख्याने पैशाच्या व साधनांच्या रूपात होता. ब्रिटिश हवाई दलातील १२४ (बडोदा), १२९ (म्हैसूर), १५२ (हैदराबाद) ही स्क्वाड्रनांची नावे देणग्यांची साक्ष देतात. १२२ (बॉम्बे) आणि १३२ (सिटी ऑफ बॉम्बे) ही नावे मुंबईकरांच्या वर्गणीची आहेत. जोधपूरच्या विमानतळावर प्राथमिक उड्डाणाचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. जव्हारसारख्या लहान, जंगलाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या संस्थानाला एका स्क्वाड्रनास नाव मिळेल एवढी देणगी देणे परवडणारे नव्हते. जव्हारचे अखेरचे अधिपती यशवंतराव मार्तंडराव मुकणे, अर्थात पाचवे पतंगशाह (जन्म १९१७), १९२७ मध्ये बालवयातच गादीवर आले होते. युद्धकाळात ते स्वतःच भारतीय हवाई दलात अधिकारी म्हणून दाखल झाले. संरक्षणाचे धोरण ठरविण्याचा अधिकार नसलेला राजा त्या धोरणाच्या अंमलबजावणीत गणवेश चढवून उतरतो, हे दृश्य विलक्षण आहे. यात निष्ठा किती, साहसाची ओढ किती आणि संस्थानाच्या भवितव्याचा हिशेब किती, याची विभागणी करण्याच्या मोहात न पडणेच इष्ट.

त्यांच्या या निर्णयाने परिसरातील सामान्य माणसाचे जीवन बदलले, असे मात्र म्हणता येणार नाही. शेजारच्या उंबरगाव-डहाणू पट्ट्यात वारली १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठले, तेव्हा त्यांच्यापुढील शत्रू सावकार व जमीनदार हा होता.

ब्रह्मदेशाची आघाडी : एकत्र कमान, असमान अधिकार :
यशवंतराव ज्या दलात दाखल झाले, त्याची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. युद्धारंभी त्यात एकच स्क्वाड्रन होते. युद्धाच्या अखेरीपर्यंत ती संख्या नऊवर गेली आणि मार्च १९४५ मध्ये दलाला ‘रॉयल’ हे उपपद मिळाले. पूर्व आघाडीवर डिसेंबर १९४३ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन हवाई शक्ती ‘ईस्टर्न एअर कमांड’ या एका कमानीखाली आणण्यात आली. तिचे प्रमुख अमेरिकेचे जनरल जॉर्ज स्ट्रॅटमेयर होते. त्यांच्यावर ब्रिटिश हवाई प्रमुख रिचर्ड पिअर्स आणि सर्वांवर लॉर्ड माउंटबॅटन होते.

या व्यवस्थेची खरी परीक्षा मार्च १९४४ मध्ये इंफाळवर जपानी सैन्य चालून आले तेव्हा झाली. पाचवी भारतीय डिव्हिजन आराकानमध्ये होती व ती तातडीने हलविणे भाग होते. जवळ मोठी वाहतूक विमाने होती ती अमेरिकन. पण ती हिमालय ओलांडून चीनला रसद नेण्यासाठी राखून ठेवलेली होती. ती वळविण्याचा अधिकार माउंटबॅटन यांना नव्हता. तरीही त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर वीस सी-४६ विमाने त्या कामावरून काढून घेतली. तोफा व खेचरांसह डिव्हिजन हवाई मार्गाने हलविण्यात आली आणि २२ जून रोजी रस्ता मोकळा होईपर्यंत इंफाळचे सैन्य आकाशातून आलेल्या रसदीवर तगून राहिले. मित्रराष्ट्रांच्या सहकार्यात विमाने किती यापेक्षा ती कोणाच्या शब्दावर वळतात हे निर्णायक असते, ते येथे दिसते.

त्या वेढ्यात अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखालील पहिले स्क्वाड्रन हरिकेन विमानांनी टेहळणी व हल्ले करीत होते. आराकानमध्ये मेहरसिंग यांच्या सहाव्या स्क्वाड्रनला चौदाव्या सैन्याचे डोळे म्हटले जाई. पुढे १९७६ मध्ये हवाई दलप्रमुख झालेले मुंबईचे हृषीकेश मुळगावकर हेही ब्रह्मदेश आघाडीवरचे. स्क्वाड्रनचे नेतृत्व भारतीय करीत होते. ज्या पातळीवर विमाने वळविण्याचे निर्णय होत, तेथे मात्र एकही भारतीय नव्हता.

१९६२-६३ : संमतीची किंमत :
१९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. यशवंतराव १९६२ मध्ये भिवंडी मतदारसंघातून काँग्रेसचे खासदार म्हणून लोकसभेत गेले. त्याच वर्षीच्या चिनी आक्रमणात सामूहिक हवाई संरक्षणाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. या वेळी तो भारताने स्वतःहून उभा केला होता. १९ नोव्हेंबर १९६२ रोजी पंतप्रधान नेहरूंनी अध्यक्ष केनेडी यांना लिहिलेल्या पत्रात ध्वनीहून वेगवान लढाऊ विमानांची बारा स्क्वाड्रने आणि रडार यंत्रणा, तीही अमेरिकन कर्मचाऱ्यांसह, मागितली. अलिप्ततेचा पुरस्कर्ता देश आपले आकाश राखण्याचे काम दुसऱ्याकडे सोपविण्यास तयार झाला होता. हे पत्र मंत्रिमंडळातील बहुतेकांनाही ठाऊक नव्हते. येथे संमती होती, पण ती एका व्यक्तीची होती, संसदेची नव्हती.

२१ नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी जाहीर केली आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपद स्वीकारले. मागणीचे स्वरूप हळूहळू आकसले. कायम तळ नाहीत, परकीय स्क्वाड्रनांचा मुक्काम नाही. केवळ रडार, प्रशिक्षण आणि संकटसमयी विचारविनिमय, या मर्यादेत १९६३ च्या मध्यास समझोता झाला. ‘हवाई छत्री’ म्हणून त्यावर संसदेत, विशेषतः डाव्यांकडून, कठोर टीका झाली. नोव्हेंबरमध्ये झालेल्या सरावात ब्रिटनची जॅव्हेलिन, अमेरिकेची एफ-१०० आणि ऑस्ट्रेलियाची कॅनबेरा विमाने सहभागी झाली व सराव संपताच परतली. सरावाचे नाव होते ‘शिक्षा’. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण. मराठी वाचकाला त्यात दुसराच अर्थ ऐकू आल्यास नवल नाही.

टीकाकारांनी ज्याला परावलंबन म्हटले, त्यात एक गोष्ट नवी होती: मंत्र्यांना सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागत होते. १९३९ मध्ये असे सभागृह भारतीयांना उपलब्ध नव्हते. ज्या जव्हारच्या राजाला तेव्हा मत विचारले गेले नव्हते, तो आता मत देणाऱ्यांत बसला होता.

चव्हाण १९६४ मध्ये अमेरिकेला गेले, तेव्हा मागितलेली एफ-१०४ विमाने मिळाली नाहीत. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले. मिग-२१ चे भारतात उत्पादन करण्याचा सोव्हिएत संघाशी झालेला करार त्यापूर्वीचा, १९६२ चा होता. त्यासाठी मोखाड्याच्या घाटापलीकडे, नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभारण्यात आला. हवाई दलातील मिग-२१ चा अखेरचा ताफा २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाला.