पिरॅमिडबाहेरचे सर्जन

आनंदीबाई जोशी 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, हे मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. त्यांच्या पिढीची लढाई पदवीसाठी होती. पुढच्या तीनच वर्षांत, फिलाडेल्फियापासून फार दूर नसलेल्या बाल्टिमोर शहरात पदवीच्या पलीकडचे एक नवे दार उभे राहिले. हळूहळू सर्जन होण्याची वाट त्याच दारातून जाऊ लागली. ते दार म्हणजे रेसिडेन्सी. हा शब्द आपल्या सरकारी रुग्णालयांत रोज कानावर पडतो, पण त्या दाराचा इतिहास फारसा सांगितला जात नाही.

जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय 1889 साली उघडले. तिथले शल्यविभागाचे प्रमुख विल्यम हॉलस्टेड यांनी जर्मन वैद्यकाच्या धर्तीवर एक पद्धत बसवली. तरुण डॉक्टरांनी रुग्णालयातच राहायचे, वरिष्ठांच्या हाताखाली शिकायचे आणि थोडी थोडी जबाबदारी अंगावर घेत वर चढायचे. 1904 साली येल विद्यापीठात केलेल्या भाषणात हॉलस्टेड यांनी या शिक्षणाचा सरासरी काळ आठ वर्षे सांगितला: सहा वर्षे सहायक आणि दोन वर्षे मुख्य निवासी सर्जन. प्रत्येक पायरीवर काही जण गळत आणि शिखरावर जागा एकाचीच असे, म्हणून या रचनेला पुढे ‘पिरॅमिड’ म्हणू लागले. हॉलस्टेड 1922 साली वारले. तोवर 17 जणांनी ते शिखर गाठले होते.

वर कोणाला न्यायचे, हे प्रमुखाच्या मर्जीवर होते. ते सतराही जण पुरुष आणि गोरे होते. गंमत अशी, की हॉपकिन्सचे वैद्यकीय महाविद्यालय 1893 पासून स्त्रियांना घेत होते. निधीअभावी महाविद्यालय रखडले होते, तेव्हा मेरी गॅरेट यांनी 3 लाखांहून अधिक डॉलर दिले आणि स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा, अशी अट घातली. ती अट महाविद्यालयाच्या दारापुरती राहिली. शस्त्रक्रियागृहात स्त्री होती ती परिचारिका म्हणून. हॉलस्टेड यांनी रबरी हातमोजे करवून घेतले, तेही कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांची कातडी जंतुनाशकाने खराब होत होती म्हणून.

याच हॉपकिन्समध्ये 1941 साली व्हिव्हियन थॉमस आले. हे कृष्णवर्णीय गृहस्थ सुतारकाम जाणणारे. डॉक्टर व्हायचे म्हणून साठवलेले पैसे मंदीत बुडाले आणि ते नॅशव्हिल इथे सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. काम संशोधनाचे, पण पगारपत्रकावर हुद्दा झाडूवाल्याचा. ब्लॅलॉक हॉपकिन्सला गेले, तेव्हा थॉमसना सोबत घेऊन गेले. जन्मतः हृदयदोष असलेल्या ‘निळ्या’ बाळांसाठीची शस्त्रक्रिया थॉमसनी कुत्र्यांवर प्रयोग करून बसवली. 29 नोव्हेंबर 1944 रोजी ती पहिल्यांदा एका बाळावर झाली, तेव्हा ते ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून त्यांना टाका कसा घ्यायचा ते सांगत होते. पुढे कितीतरी रेसिडेंट त्यांच्या प्रयोगशाळेत टाके घालायला शिकले. त्या रेसिडेंटांत सामील होण्याची सोय मात्र थॉमसना कधीच नव्हती. 1976 साली हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, ती कायद्याची!

थॉमसांची हुशारी कोणाला दिसली नव्हती, असे म्हणता येत नाही. ती दिसली होती आणि वापरलीही जात होती. केवळ गुण दिसल्याने दार उघडत नाही, हे मला त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते.

दार उघडले ते वॉशिंग्टनमध्ये. चार्ल्स ड्रू मॅकगिल विद्यापीठातून 1933 साली डॉक्टर झाले, पण अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांत कृष्णवर्णीय डॉक्टरला शल्यशिक्षण मिळणे जवळजवळ अशक्य होते. रक्तसाठवणीवरच्या संशोधनासाठी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना 1940 साली डॉक्टरेट दिली. 1941 साली ते हॉवर्ड विद्यापीठात शल्यविभागाचे प्रमुख झाले आणि फ्रीडमन्स रुग्णालयात रेसिडेंट घडवू लागले. 1941 ते 1950 या काळात अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीने जितक्या कृष्णवर्णीय सर्जनांना मान्यता दिली, त्यांतले निम्म्याहून अधिक ड्रू यांचे शिष्य होते. संख्या होती अवघी 8. पुढे मान्यता मिळालेल्या आणखी 14 जणांचे काही शिक्षण त्यांच्याकडे झाले होते. त्या बोर्डाने ड्रू यांना परीक्षकही नेमले. त्याच काळात वॉशिंग्टनची वैद्यकीय संस्था कृष्णवर्णीय डॉक्टरांना सदस्य करून घेत नव्हती.

1 एप्रिल 1950 रोजी ड्रू नॉर्थ कॅरोलायनात मोटार अपघातात गेले. गोऱ्यांच्या रुग्णालयाने उपचार नाकारले म्हणून ते दगावले, ही दंतकथा खोटी आहे. तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचवण्याची खटपट केली होती. तरी लोकांना ती कथा खरी वाटली, कारण इतरांच्या बाबतीत तसे घडत असे.

हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पहिले कृष्णवर्णीय पदवीधर 1967 साली बाहेर पडले. तिथल्या हृदयशल्यविभागाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य रेसिडेंट लेव्हाय वॉटकिन्स. 1980 साली त्यांनी माणसाच्या शरीरात पहिला स्वयंचलित डिफिब्रिलेटर बसवला. माझ्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम तितकेच मोठे आहे: ते प्रवेश समितीवर बसले आणि वगळलेल्या समाजांतले विद्यार्थी शोधून आणू लागले. ड्रू आणि वॉटकिन्स यांच्यात साम्य हे, की दोघांच्याही हाती निवडण्याचा आणि शिकवण्याचा अधिकार आला. थॉमसना शिकवता आले, निवडता आले नाही.

आपल्याकडे पदव्युत्तर जागा परीक्षा आणि आरक्षणाने भरतात. तिथे प्रमुखाची मर्जी चालत नाही आणि ही मोठी कमाई आहे. पण वॉर्डात आल्यावर पहिला छेद कोणी घ्यायचा आणि रिट्रॅक्टर धरून कोणी उभे राहायचे, हे आजही वरिष्ठच ठरवतात. ही दुसरी निवड प्रवेशाच्या यादीत दिसत नाही. ती पाहायची तर रेसिडेंटांची लॉगबुके शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागतील: कोणी किती शस्त्रक्रिया स्वतःच्या हाताने केल्या आणि कोणी त्या नुसत्या पाहिल्या.