भाव पडला की जंगल: नरनाळा आणि १९३० चं पुसद

मागच्या भागात आपण अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, १८६१ ते ६५ मध्ये, वऱ्हाडी कापसाला आलेल्या तेजीबद्दल बोललो. आज मंदीचं बघू, आणि मंदीत माणसं जंगलाकडे का वळतात ते.

आमच्या घरी कापसाचा भाव पडला की आधी फिरणं बंद व्हायचं. एका वर्षी मात्र बाबा म्हणाले, "चाल, नरनाळ्यावर जाऊ." आई म्हणाली, "अन् पैसे?" "किल्ल्याले काहून लागतात पैसे?" अकोटपर्यंत एसटी, पुढे शहानूरहून गड पायी चढायचा. भाकरी अन् ठेचा घरचाच. महाकाली दरवाज्याच्या सावलीत बाबा दोन तास गाढ झोपले. महिनाभर ते रात्री ओट्यावर जागेच असायचे, हे आईनं मला फार नंतर सांगितलं.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापूस असाच गडगडला. त्यातच १९३० चा सत्याग्रह आला. वऱ्हाडात समुद्र कुठला? मग अकोल्याजवळ दहीहंड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्याचं मीठ केलं. १० जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अणे राखीव जंगलात शिरले, विनापरवाना गवत कापलं आणि अटक झाले. पुस्तकं याला कायदेभंग म्हणतात, बरोबरच आहे. पण गवत म्हणजे बैलाचा चारा! कापसाला भाव नसलेल्या शेतकऱ्यानं तो विकत कसा घ्यावा? मला तरी त्या सत्याग्रहात ही घरगुती निकड आधी दिसते.

पुढच्या वर्षीही भाव पडला. आम्ही परत नरनाळ्यावर गेलो, यंदा आईसुद्धा.