संदीप आणि निखिलेश : ‘घरे बाइरे’तील स्वार्थ आणि ध्येय

१६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली, तेव्हा रवीन्द्रनाथ ठाकूर राखीबंधनासाठी कलकत्त्याच्या रस्त्यावर उतरले होते. पुढे थोड्याच वर्षांत ते स्वदेशीच्या चळवळीपासून दूर झाले. विदेशी मालावरील बहिष्काराचा भार दरिद्री विक्रेत्यांवर व रयतेवर पडतो, हे त्यांना मानवले नाही. १९११ मध्ये फाळणी रद्द झाली. त्यानंतर प्रमथ चौधुरी यांच्या ‘सबुजपत्रा’तून क्रमशः आलेली ‘घरे बाइरे’ ही कादंबरी १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ओसरलेल्या चळवळीचा नैतिक हिशेब तिच्यात मांडलेला आहे.

संदीप हा स्वदेशीचा वक्ता, तर निखिलेश हा जमीनदार, त्याचा मित्र आणि प्रतिस्पर्धी. दोघांच्या मध्ये निखिलेशची पत्नी बिमला उभी आहे. संदीपला देशही हवा आणि बिमलाही. तो देशकार्यासाठी तिच्याकडे प्रथम पन्नास हजार रुपये मागतो, मग पाच हजारांवर येतो, आणि ती घरच्या तिजोरीतून सहा हजारांच्या मोहरा चोरते. उलट निखिलेशने चळवळीपूर्वीच देशी चाकूने देशी पेन्सिली तासल्या आहेत आणि देशी उद्योगांत पदरचे पैसे घालविले आहेत. तरी आपल्या बाजारात विदेशी कापडाला बंदी घालण्यास तो नकार देतो. पंचूसारखा गरीब विक्रेता त्या बंदीने भरडला जाईल, हे त्याचे कारण.

एवढ्यावरून एक खलनायक आणि दुसरा साधुपुरुष अशी वाटणी करणे सोपे होते, आणि प्रारंभीच्या वाचनांत तसेच घडले. रावणाविषयी आदर दाखविणाऱ्या संदीपच्या उद्गारांवरून रवीन्द्रनाथांवर सीतेच्या अवमानाचा आरोप झाला. पात्राचे मत लेखकाचे मानले गेले. १९१९ मध्ये इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाल्यावर, १९२२ मध्ये हंगेरियन टीकाकार ग्योर्ग लुकाच यांनी बर्लिनच्या एका साम्यवादी पत्रात संदीप म्हणजे गांधीजींचे विडंबन, असा निष्कर्ष काढला. कालक्रमच त्याविरुद्ध आहे. गांधीजी जानेवारी १९१५ मध्ये भारतात परतले. कादंबरी लिहिली गेली तेव्हा त्यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रव्यापी आंदोलन अस्तित्वातच नव्हते. ज्या अनुभवातून संदीप घडला, तो १९०५ नंतरच्या बंगालचा होता.

या वाचनांतून कादंबरीची रचना निसटते. येथे निवेदक एक नाही. बिमला, निखिलेश आणि संदीप आपापली आत्मकथा सांगतात. त्यामुळे प्रत्येकाच्या हेतूची साक्ष तो स्वतःच देतो. संदीप आपला लोभ लपवीत नाही. उलट मनात उरलेल्या संकोचाचीच त्याला लाज वाटते. निखिलेशची साक्ष अधिक अवघड आहे. बिमलाने बाहेरच्या जगात येऊन आपली स्वेच्छेने निवड करावी, ही त्याची इच्छा वरवर निःस्वार्थ दिसते. पण तिला आपल्या आदर्शाच्या साच्यात बसविण्याच्या आपल्या हट्टात जुलूम होता, हे त्याला हळूहळू उमगते. म्हणजे निःस्वार्थ ध्येयातही ‘मी’ शिल्लक राहतो.

असे असले तरी दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही. निखिलेशला ‘मी’ दिसताच तो बिमलाला मोकळे करू पाहतो. संदीपला तो दिसताच तो त्याचे तत्त्वज्ञान बनवितो. दोघांमधील भेद हेतूच्या शुद्धतेचा नाही. आपल्या हेतूची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न स्वतःला विचारण्याचा आहे. संदीपने तो कधीच विचारला नाही. त्याचे उत्तर कादंबरीच्या अखेरीस मिळते. गावात दंगल पेटते. ज्याने ती भडकविली, तो संदीप निघून गेलेला असतो. निखिलेश एकटा तिच्यात शिरतो आणि डोक्याला गंभीर जखम होऊन परततो. संदीपच्या शब्दांवर विश्वास ठेवून देशकार्यात उतरलेला कोवळा अमूल्य गोळीला बळी पडतो. तो मुलगा मात्र खरोखरच निःस्वार्थ होता.

म्हणूनच, निखिलेशचा विजय म्हणून या कादंबरीकडे पाहणे योग्य नव्हे. त्याचा विवेक खरा ठरतो, पण तो पंचूला, बिमलाला किंवा अमूल्यला वाचवू शकत नाही. हे अपयश रवीन्द्रनाथांनी झाकले नाही. चळवळीच्या टीकाकाराने स्वतःच्या बाजूच्या पात्रालाही याप्रमाणे जाब विचारावा, यातच या कृतीची ऐतिहासिक प्रामाणिकता आहे.