सब-वे टाइल व्हाया घाटनांदूर

मंडळी, या वीकेंडचा विषय आहे किचनची भिंत. हसू नका. आयटीतल्या प्रत्येक माणसाच्या आयुष्यात फ्लॅट घेतल्यावर एक काळ असा येतो की तो कोडपेक्षा टाइलचे कॅटलॉग जास्त बघतो. आणि सध्या पुण्यातल्या कुठल्याही नव्या फ्लॅटमध्ये जा, ओट्यामागे त्याच पांढऱ्या, चकचकीत, विटांसारख्या लावलेल्या छोट्या टाइल. नाव काय तर 'सब-वे टाइल'. आपल्याकडे सब-वे म्हणजे स्टेशनखालचा दमट बोगदा, तिथे काय किचनची हौस, असं वाटणं साहजिक आहे :-)

तर हा सब-वे न्यूयॉर्कचा. तिथली भुयारी रेल्वे 27 ऑक्टोबर 1904 ला सुरू झाली. स्टेशनं सजवायचं काम हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांच्या जोडीकडे होतं. त्यांनी भिंतींना 3 बाय 6 इंचाच्या पांढऱ्या टाइल लावल्या. पॅरिसची मेट्रो त्याआधी 1900 मध्येच सुरू झाली होती, तिथेही पांढऱ्याच टाइल, फक्त कडा तिरक्या तासलेल्या. कारण सौंदर्य नव्हतं हो. एक तर विजेचे दिवे तेव्हा मंद, पांढरी चकचकीत भिंत उजेड परत फेकायची. दुसरं म्हणजे रोगजंतूंची भीती. कॉखने क्षयाचा जंतू 1882 मध्ये दाखवला, आणि तेव्हापासून युरोप-अमेरिकेत दवाखाना, खाटीकखाना, न्हाणीघर, सगळीकडे 'पुसता येईल' अशी भिंत हवी झाली. पांढऱ्या भिंतीवर घाण दिसते, म्हणून ती निघते. एवढं साधं लॉजिक.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. त्याचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, 1894 मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे अजून कुणी मान्य केलं नव्हतं. सरकारचा संशय घरांवर. त्यामुळे घरांत शिरून मातीच्या जमिनी उकरल्या गेल्या, भिंतींना चुना मारला गेला, सामान जाळलं गेलं. पुण्यात या झडत्यांचा शेवट रँडच्या खुनात झाला, 22 जून 1897. शाळेत आपण चाफेकर बंधू शिकतो, पण त्या प्रकरणात मातीची जमीनसुद्धा एक आरोपी होती हे कुणी सांगत नाही. 1898 मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि 'स्वच्छ घर' हा सरकारी विषय झाला. न्यूयॉर्कला जंतूंच्या भीतीने टाइल मिळाली, आपल्याला चुना.

आता माझ्या गावाकडे या. घाटनांदूर, तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड. परळी-लातूर रोड लाइनवरचं स्टेशन. आमची जुनी घरं दगड-मातीची, वर माळवद. खाली शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल. या घरात ओट्यामागची टाइल हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण ओटाच नव्हता. बाई जमिनीवर बसून स्वयंपाक करायची, फोडणीचा शिंतोडा जमिनीवर पडायचा आणि पुढच्या सारवणात गडप व्हायचा. भिंत धुराने काळी व्हायची, तिला पांढरी माती नाहीतर चुना. म्हणजे बघा, स्वच्छतेची यंत्रणा होतीच. फक्त ती एका बाईच्या हातावर चालायची, आणि तिला सुट्टी नव्हती.

या घरात पहिली क्रांती झाली ती शहाबादी फरशीने. आमचा बालाघाट म्हणजे काळा बेसॉल्ट. तो फोडला की वेडावाकडा फुटतो, पातळ फरशी काही निघत नाही. शहाबाद-तांदूरचा चुनखडक मात्र थरांचा आहे, पाटीसारखा सुटतो. आणि आमची रेल्वे लाइन पुढे कुठे जाते? लातूर रोड, उदगीर, बीदर करत विकाराबादला. विकाराबादहून वाडीला निघालं की वाटेत तांदूर, आणि वाडीच्या पुढे सोलापूरकडे शहाबाद. निझामाच्या राज्यातला हा सगळा एकच टापू. म्हणून न्हाणीत शहाबादी आली, मग सैपाकघरात आली. त्यावर पाणी ओतलं तर चिखल होत नाही, ही केवढी मोठी गोष्ट होती हे आजीकडून ऐकावं. तिच्या भाषेत, "फरशी आली अन् पोतेरं सुटलं बघ."

दुसरी क्रांती गॅसची. मुंबईत बर्मा शेलने 1955 मध्ये सिलिंडरचा गॅस आणला, गावापर्यंत यायला तो काही दशकं लागला. शेगडीपेक्षा सिलिंडर खाली ठेवावा लागतो, म्हणून शेगडी वर गेली. तिच्यासाठी कडप्प्याचा ओटा आला. बाई उभी राहिली, आणि फोडणी पहिल्यांदा भिंतीवर उडाली! माझ्या मते आपल्याकडे ओट्यामागच्या टाइलचा जन्म इथे आहे. इंग्लंडच्या स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या जॉन्सनची भारतीय कंपनी 1958 मध्ये सुरू झाली होती, आणि तिचं नाव कित्येक घरांत टाइलचंच नाव होऊन बसलं. नंतर गुजरातमधल्या मोरबीने बाजार काबीज केला. ज्या गावात आधी छपराची कौलं भाजायचे, तिथे आज देशातल्या बहुतांश सिरॅमिक टाइल बनतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर तर आमच्या भागात दगड-मातीच्या घराची धास्तीच बसली. सिमेंटची घरं वाढली, आणि सिमेंटच्या भिंतीला टाइल ही आलीच.

आता मुद्द्याचं. गावाकडचं सैपाकघर या वर्षी नव्याने बांधायचं ठरलं आणि धाकट्या बहिणीने सब-वे टाइलचे फोटो पाठवले. मी इंजिनिअर माणूस, गणित मांडलं. ओट्यामागची भिंत 10 बाय 2 फूट, म्हणजे 20 चौरस फूट. 3 बाय 6 इंचाच्या टाइल लागतात 160. सांध्यांची एकूण लांबी साधारण 120 फूट. तेच 12 बाय 18 इंचाची टाइल घेतली तर चौदाएक टाइल आणि सांधे फक्त 33 फूट. टाइलचं ग्लेझ डाग धरत नाही, हळद बसते ती सांध्यात. आणि आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, वाळलं की पांढरे ओघळ. म्हणजे 120 फूट घासायचं की 33 फूट, हा खरा प्रश्न. घासणार कोण? आई.

पण याच्याही मागे एक प्रश्न आहे. पांढरी टाइल हा शोध अशा शहरांचा, जिथे नळाला पाणी होतं. ती भिंत रोज पाणी मागते. आमच्या शेजारच्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हाही लातुरात टाइलची न्हाणीघरं होतीच, आणि त्यांत रिकाम्या बादल्याही होत्या. सारवणाला एक घमेलं शेण आणि तांब्याभर पाणी पुरायचं. मी सारवणाचे गोडवे गात नाहीये, ज्यांनी ते केलं त्या कुणी गात नाहीत. पण टाइलने सारवणारा हात मोकळा केला आणि तोच हात हंडा घेऊन टँकरमागे उभा केला, तर आपण फक्त काम बदललं.

बहिणीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दादा, टाइलवर एवढा विचार कुणी करतं का?" आईने मात्र एका वाक्यात निकाल दिला, "मोठ्या घ्या, फिक्या रंगाच्या घ्या, अन् उरलेल्या पैशात पन्हाळीचं पाणी टाकीत सोडा." मिस्त्री पुढच्या सोमवारपासून येतोय. आधी टाकी, मग टाइल, असा क्रम ठरलाय.