स्वातंत्र्यसैनिकांचे वारस व त्यांचे कागद

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी थोरामोठ्यांची चरित्रे, गुणवंत विद्यार्थ्यांची नावे व जमाखर्च प्रसिद्ध होतो. यंदा चिटणीसांनी मजकडे काही ऐतिहासिक मजकूर मागितला. इतिहास म्हटला की लढाया व तह आठवतात. परंतु प्रस्तुत लेखकाने शिक्षकी पेशात असताना जो इतिहास स्वतःच्या हाताने हाताळला, तो अर्ज, दाखले व प्रतिज्ञापत्रे यांचा होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या नांदेड व लातूरकडील वृद्ध सैनिकांच्या कुटुंबीयांची नावे सरकारदप्तरी चढविणे व प्रसंगी ती कमी करविणे, हे काम गावोगावच्या शिक्षकांकडे आपोआपच आले. त्याची हकीकत येथे सांगतो.

देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, पण निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकले. या तेरा महिन्यांत मराठवाड्याने काय भोगले ते जुन्या माणसांच्या तोंडून पुष्कळांनी ऐकले असेल. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या त्याआधीच, १९४६ साली झाली होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात सामील होण्याची मागणी करीत लढा पुकारला. नांदेडकडील तरुण सरहद्द ओलांडून उमरखेडच्या शिबिरात गेले. उदगीर तालुक्यातील हत्तीबेटाच्या आश्रयानेही लढणारे होते. उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ रोजी लुटली गेली. अशा कामात असलेला मनुष्य जवळ कागद ठेवीत नसे. टोपण नाव घ्यावयाचे, चिठ्ठी वाचून जाळावयाची, आणि घरी रझाकार अगर पोलीस आले तर पत्नीने ‘ठावं न्हाई’ एवढेच उत्तर द्यावयाचे. नाव लपविणे हाच त्या वेळचा पराक्रम होता. पंचवीस वर्षांनी सरकारने सन्मान करावयाचे ठरविले, तेव्हा त्याच नावाचा लेखी पुरावा मागितला गेला.

केंद्र सरकारची निवृत्तिवेतनाची योजना १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. सामान्यतः सहा महिन्यांचा तुरुंगवास किंवा तितकाच भूमिगत काळ सिद्ध करावा लागे. स्त्रियांना व अनुसूचित जातिजमातींच्या सैनिकांना तुरुंगवासाची अट तीन महिन्यांची होती. आरंभी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पाच हजार रुपये होती, ती १ ऑगस्ट १९८० पासून काढून टाकण्यात आली व योजनेस ‘सन्मान’ हे नाव मिळाले. सैनिकाच्या पश्चात हे वेतन पत्नीस, अविवाहित कन्यांस, तसेच आईवडिलांस मिळे. मुलग्यास मिळत नसे. ही गोष्ट आमच्या भागात कोणास खरी वाटत नसे. अर्ज घेऊन येणारा बहुधा थोरला मुलगाच असे, आणि वारसाच्या रकान्यात पहिल्याने आपलेच नाव लिहावे असा त्याचा आग्रह असे.

तुरुंगाचे दाखले हैदराबादेच्या दप्तरात, आणि तेही उर्दूत. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे एकच नाव तीन कारकुनांनी तीन तऱ्हांनी वाचावे. तारखा फसली सनाच्या. निजामाचे फसली वर्ष ऑक्टोबरात, ‘आजुर’ महिन्याने सुरू होई. फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन येतो, असे लोक समजत. परंतु हा हिशेब डिसेंबरअखेरपर्यंतच खरा, त्यापुढील महिन्यांस ५९१ मिळवावे लागतात. ‘बहमन १३५७’ म्हणजे सुमारे डिसेंबर १९४७, पण ‘तीर १३५७’ म्हणजे मे १९४८. ज्याने तेथेही ५९० मिळविले, त्याचा तुरुंगवास मे १९४७ मध्ये, म्हणजे लढा पुकारण्यापूर्वीच पडे, आणि अर्ज परत येई. त्यातच १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून लातूर जिल्हा निराळा झाला. आपली संचिका नेमकी कोणत्या कचेरीत आहे, हे शोधण्यातच म्हाताऱ्यांचे दोन दोन पावसाळे गेले.

या सर्वांहून बिकट प्रकरण पत्नीच्या नावाचे. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपल्याकडील चाल सर्वांस ठाऊक आहे. माहेरी एक नाव, सासरी दुसरे, आणि गाव हाक मारी ते तिसरेच. १९८७ च्या सुमारास एक वृद्ध सैनिक पत्नीसह माझ्या शाळेच्या ओसरीवर आले. स्वतःचे वेतन सुरू होते. आपल्यामागे मंडळीचे हाल होऊ नयेत म्हणून तिचे नाव कागदावर चढवावे, एवढीच त्यांची इच्छा होती. मी बाईंना नवऱ्याचे नाव विचारले. त्या पदर सावरून म्हणाल्या, ‘‘मास्तर, ते कसं घेऊ? ह्यो बसलाय की म्होरं.’’ मग त्यांचे स्वतःचे नाव विचारले, तर म्हातारेबुवा क्षणभर अडखळले. चाळीस वर्षांत त्यांनी ‘अगं’ यापलीकडे हाक मारली नव्हती! शेवटी गाव ज्या नावाने ओळखी ते नाव त्यांनी सांगितले आणि मी ते सुवाच्य अक्षरात लिहिले.

ती माझी चूक झाली. मतदार यादीत व शिधापत्रिकेवर बाईंचे लग्नातील नाव होते; मी ते ताडून पाहिले नाही. पुढे म्हातारे वारले, आणि वेतन मागण्यास आलेली बाई व कागदावरील बाई एक नव्हेत, असे कचेरीने ठरविले. चौदा महिने तिला एक रुपया मिळाला नाही. तेवढ्या काळात ती दुसऱ्याच्या रानात खुरपण्यास जाई. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा पंचनामा, सरपंचाचा दाखला, लग्नास हजर असलेल्या दोन वृद्धांचे जबाब, इतके सर्व जमविले तेव्हा अंगठा मान्य झाला. त्यानंतर कोणाचाही अर्ज लिहिताना चारही कागद समोर मांडल्याशिवाय मी दौत उघडली नाही.

नाव चढविण्याइतकेच नाव कमी करणेही आवश्यक असते, आणि तेथे आपली माणसे कचरतात. कन्येचे लग्न झाले की तिचा हक्क संपतो, मृत्यू झाला की तो कोषागारास त्वरित कळवावा लागतो. न कळविल्यास उचललेली रक्कम पुढे वसूल होते. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावयाचा असतो, तो एखादा मुलगा वडिलांच्या पश्चातही देऊ पाहतो! शेजारच्या बीड जिल्ह्यात तर खोट्या स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण एवढे वाढले की ते २००५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याचा ताप खऱ्या विधवांस झाला, कारण प्रत्येक अर्ज संशयाने पाहिला जाऊ लागला. याउलट त्याच न्यायालयाने १९९३ साली हैदराबादच्या आर्य समाज सत्याग्रहींच्या खटल्यात, अर्ज उशिरा आला एवढ्यावरून वेतन नाकारता येत नाही, असा निर्णय दिला होता. आणि २००१ साली, अशा प्रकरणी फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा मागू नये, असे सांगितले. घटस्फोटित कन्येच्या बाजूने पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कौल दिला. हे निर्णय आमच्या खेड्यांत वेळेवर पोहोचले असते तर किती खेटे वाचले असते!

शासकीय नोकरीतील सवलतीसाठी सैनिकाने एक पाल्य नामनिर्देशित करावयाचा, या नियमाने सख्ख्या भावांत वितुष्ट आल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. ती येथे लिहीत नाही; त्यातील काही घरे याच स्मरणिकेचे वाचक आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंप झाला. माणसे गेली, त्यापुढे कागदांची काय मातब्बरी? परंतु जे वाचले त्यांच्या ट्रंका दगडमातीखाली गेल्या. त्यांत कोणाची सहबंद्यांची प्रमाणपत्रे, कोणाची उर्दू नक्कल. ज्यांनी एक प्रत तहसिलीत किंवा वकिलाकडे ठेवली होती, त्यांचे काम पुढे चालले.

आजच्या भारतीय सेनेतील जवानाचे याबाबत बरे आहे. त्याचे लग्न झाले, मूल झाले की पलटणीच्या आदेशात नोंद होते व तीच पुढे निवृत्तिवेतनाच्या आदेशात येते; काही राहिल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मार्ग दाखविते. मुक्तिसंग्रामातील सैनिकास पलटणही नव्हती आणि नोंदवहीही नव्हती. राज्य शासनाने २०२२ साली त्याचे वेतन १०,००० रुपयांवरून २०,००० रुपये केले, तोवर घेणारे थोडेच उरले होते.

आपल्या सभासदांच्या घरी माळ्यावर अद्याप उर्दू कागद असतील. ते रद्दीत देऊ नयेत. फसली व इसवी महिन्यांचा एक तक्ता मी तयार करून मंडळाच्या कचेरीत ठेवला आहे, आणि रविवारी सकाळी मी तेथे असतो. येताना घरातील वडीलधाऱ्या बाईंना आपली सर्व नावे विचारून, लिहून आणावीत.